टाटा २०७ च्या केबिनचा फ्लोर कुजलाय, पॅच मारायच्या आधी सल्ला हवाय

देवगडकिनारा · ८ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी.

आमची टाटा २०७ आहे, २००४ सालची. बाबांनी नवी घेतलेली. एप्रिल-मेमध्ये वाशी मार्केटला हापूसच्या पेट्या, दिवाळीनंतर चिरे, मधूनमधून बंदरावरून मासळी, असं वीस वर्षं या गाडीनं आमचं घर ओढलंय. इंजिन अजून एका सेल्फला उठतं, चासी ठणठणीत आहे. पण केबिनचा फ्लोर गेला.

परवा तळेबाजारला जाताना खड्ड्यातलं पाणी थेट क्लचच्या पायावर उडालं. घरी येऊन सीट बाहेर काढली आणि एकेक थर उचलला. वर रबरी मॅट. त्याखाली फोम, पिळला तर भांडंभर पाणी निघालं. त्याखाली गोणपाट आणि सगळ्यात खाली ॲल्युमिनियमची चेकर्ड प्लेट. ही प्लेट २०१२ च्या सुमारास एका गॅरेजात बसवून घेतली होती. तेव्हा फ्लोरला बोट जाईल एवढी दोन-तीन भोकं होती. त्यांनी गंज तसाच ठेवून वरून प्लेट टाकली, रिव्हेट मारले आणि कडेनं डांबर ओतलं. दिसायला एकदम पक्कं काम.

रिव्हेट ड्रिलनं उडवून प्लेट काढली तर खाली पत्राच नव्हता. चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा, पेटीतलं कुजलेलं गवत आणि त्यात चार आण्याचं एक नाणं, गेंड्याच्या चित्राचं. स्टीलचं असल्यामुळे अंगठ्यानं पुसल्यावर लखलखलं. चार आणे २०११ मध्ये चलनातून गेले, म्हणजे ते प्लेटच्या आधीपासून तिथंच पडून असणार. त्याच्या भोवतीचा फ्लोर मात्र संपला.

डाव्या बाजूला, पाय ठेवतात तिथं, दोन ओंजळींएवढं भोक आहे. क्लचखाली तळहाताएवढं. सीटच्या खालचा भाग वाजवून बघितला, बरा वाटतो.

बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण विकायचं नाव काढलं की उठून आत जातात. म्हणून नीट करायचंय. गावात फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडे आर्क वेल्डिंग आहे. एक जण फायबर मारून देतो म्हणतो. भंगारातून अख्खी केबिन आणावी असंही एकानं सुचवलं. काय करू?


उद्यमनगर_डेंटर · ८ नोव्हेंबर

अठ्ठावीस वर्षं पत्र्याचं काम करतोय भावा, कोल्हापुरात. चासी चांगली आहे म्हणतोस तर केबिन बदलू नको. भंगारातली केबिन पण तेवढीच जुनी असणार, वरून रंग मारून ठेवलेली.

आणि पॅचचं नंतर बघू. आधी मला सांग, फोममध्ये एवढं पाणी आलं कुठनं? वर डांबरानं बंद केलेली प्लेट होती. खालनं उडालेलं पाणी फोमात भांडंभर साठत नाही. हे पाणी वरनं आलंय आणि प्लेटीनं ते खाली अडकवून ठेवलंय. तुझा फ्लोर रस्त्याकडनं नाही, केबिनीच्या आतनं कुजला. हे शोधल्याशिवाय नवा पत्रा लावलास तर तोही आठ वर्षांत जाईल.

असं कर. सगळं काढून केबिन मोकळी कर, फ्लोर दोन दिवस वाळू दे. मग खाली वर्तमानपत्राचे कागद अंथर, टॉर्च घेऊन एकानं आत डॅशबोर्डखाली डोकं घालून बसायचं. दुसऱ्यानं बाहेरनं नळी धरायची, जोर कमी. सुरुवात खालनं करायची. आधी बॉनेट आणि काचेच्या मधली जाळी, पाच मिनिटं तिथंच. मग काचेची खालची बीडिंग म्हणजे रबरी पट्टी, मग दोन्ही बाजू आणि छप्पर शेवटी. एकदम वरनं पाणी सोडलंस तर सगळीकडनं ओघळ येतात आणि काही कळत नाही.


दूधगाडी_सांगली · ८ नोव्हेंबर

क्लचखालचं भोक वेगळ्या कारणानं असू शकतं, तेवढं तपासा. आमच्या पिकअपचा क्लचचा मास्टर सिलिंडर झिरपत होता. त्यातलं ब्रेक ऑइल रंग उचकटून टाकतं, मग उघड्या पत्र्यावर गंज धरतो. पेडलच्या दांडीला हात लावून बघा, चिकट-ओलं लागलं तर आधी त्याची रबरांची किट टाका.

आणि गाडीत खताची पोती कधी नेलीत का? आमच्याकडे पाठीमागे जागा उरली नाही की दोन पोती पायाशी. पोटॅशमध्ये क्लोराईड असतं, म्हणजे मीठच म्हणा. फाटक्या पोत्यातून सांडलेलं कोपऱ्यात राहिलं आणि एका पावसाळ्यात तिथला पत्रा पापडासारखा झाला.


वाटाड्या७२ · ९ नोव्हेंबर

मी माझ्या जीपला फायबर मॅट आणि रेझिन मारलं, तीन वर्षं झाली, काही नाही. स्वस्तात होतं, वेल्डिंगची भानगड नाही.


उद्यमनगर_डेंटर · ९ नोव्हेंबर

@वाटाड्या७२, दादा, तुमची जीप अंगणात उभी असेल तर चालेल. फायबर गंजलेल्या पत्र्याला धरत नाही, गंजाच्या पापुद्र्याला धरतं. पापुद्रा सुटला की मध्ये फट पडते आणि तिथं ओल राहते. वरनं छान दिसतं, म्हणून कुणी बघत पण नाही. याच्या चेकर्ड प्लेटीचं जे झालं तेच.

दुसरं म्हणजे फ्लोरवर सीट बोल्ट केलेली असते, सीटबेल्टचा एक अँकर तिथंच. गाडी धडकली की माणसाचं सगळं वजन त्या बोल्टांवर येतं. तिथं फायबर नको, पॉप रिव्हेट पण नकोत.


देवगडकिनारा · १६ नोव्हेंबर

डेंटरदादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. धाकटा भाऊ आत, मी नळी धरून.

जाळीवर पाणी सोडलं, चौथ्या मिनिटाला भाऊ ओरडला. डाव्या कोपऱ्यात, डॅशबोर्डच्या मागे, जिथं काऊलचा (जाळीखालचा) पत्रा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला, मिळतो तिथून बारीक धार. जाळी खोलली तर आत आंब्याची पानं कुजून काळी माती झालेली. पाणी बाहेर जायची वाट पूर्ण बुजलेली, त्यामुळे तिथं तळं साचत होतं आणि जोडावरचं जुनं सीलर वाळून तडकलं होतं. गाडी वीस वर्षं कलमाखाली उभी राहते, पण ती जाळी उघडून बघावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसरी गळती काचेच्या बीडिंगमधून, डाव्याच बाजूला. तिसरी वायरिंग आत येते त्या भोकाच्या रबरातून, थोडी.

क्लचबद्दल दूधगाडीवाल्या ताईंचं बरोबर निघालं. दांडी ओली होती. मासळीच्या पाण्याचा संशय होता, पण ते मागच्या हौद्यात. पुढे पायाशी मात्र बाबा नेहमी बर्फाचा डबा ठेवायचे.

आता भोकं मोठी झालीत. पेचकसानं टोचत गेलो, जिथं घुसला तिथं खडूनं खूण केली. डावीकडे साधारण दीड फूट बाय एक फूट कापावं लागेल. आणि एक काळजीची गोष्ट आहे. डाव्या बाजूचा मागचा केबिन माउंट, चासीवर जिथं रबर आणि बोल्ट आहे, त्याच्या कपासारख्या भागाच्या कडेला पेचकस अर्धा घुसला.


उद्यमनगर_डेंटर · १६ नोव्हेंबर

माउंटचं सांगितलंस ते बरं केलंस. तो बोल्ट आधी सोडायचा नाही. डाव्या दाराच्या चौकटीत दोन ठिकाणी अँगल टाकून वेल्डिंगचे टाके मार, म्हणजे केबिन बसणार नाही. दाराची फट वर, मध्ये, खाली मोजून लिहून ठेव. मग खालनं लाकडी ठोकळा आणि जॅकचा टेका दे आणि एकच माउंट मोकळा कर. दोन्ही बाजूचे एकदम सोडलेस तर दार नंतर लागत नाही, कितीही ठोकाठोक कर. माउंटला ३ एमएमचा पत्रा लागेल, फ्लोरचा पातळ पत्रा तिथं उपयोगाचा नाही.

फ्लोरला १८ गेजचा सीआरसीए (साधा कोल्ड रोल्ड पत्रा) घे, म्हणजे सव्वा एमएमच्या जवळपास. आठ बाय चारचा अख्खा पत्रा २८ किलोच्या आसपास भरतो, तुला चौथा भाग पुरे. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, घेऊ नको. जस्ताच्या धुरानं ताप भरतो आणि टाकाही नीट बसत नाही.

गावातल्या आर्कनं हे काम होणार नाही. जुना फ्लोर झिजून काही ठिकाणी अर्ध्या एमएमवर आला असेल, आर्क लावली की भोक. सीओटू वेल्डिंगवाला (कार्बन डायऑक्साइड गॅस सोडत तारेनं वेल्डिंग करणारा) शोध, ०.८ एमएमची तार, करंट ५० अँपिअरच्या आसपास. आर्गॉन मिक्सचा सिलिंडर असेल तर अजून चांगलं, शिंतोडे कमी उडतात. गॅसनं पितळ ओतणारे जुने कारागीर मिळतात, काम सुंदर करतात, पण गॅसच्या आचेनं पत्र्याला लाट येते.


ऑन्टॅरिओतून · १७ नोव्हेंबर

मूळचा चिपळूणचा, बावीस वर्षं कॅनडात. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या पिकअपचा फ्लोर, हौद्याची कड आणि चाकांवरची कमान जाणं नेहमीचंच. मी स्वतःच्या दोन गाड्यांचे फ्लोर घातलेत.

इथे दरवर्षी थंडीच्या आधी गाडीच्या खालून आणि पोकळ भागांत पातळ तेल किंवा मेण फवारतात. जाड रबरी अंडरकोटिंग बरेच लोक टाळतात. ते कडक होऊन सुटतं आणि पापुद्र्यामागे मीठ-पाणी अडकतं. तेल जोडाच्या फटीत ओढलं जातं आणि तिथून पाणी हाकलतं. तुमच्या डांबराखाली जे झालं ते आम्ही इकडे रोज बघतो.

कोपऱ्यांबद्दल एक सांगतो. पॅचचे कोपरे चौकोनी कापू नका, गोल ठेवा. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच पुन्हा तडा जातो. पहिल्या वेळी मी चौकोनी कापले होते, दोन हिवाळ्यांत चारपैकी तीन कोपरे उकलले.


रसायनी_पुणे · १७ नोव्हेंबर

पेंटच्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं लांबण लावतोय.

समुद्रकाठच्या गंजात मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. नुसतं घासून प्रायमर मारला तर ते मीठ रंगाखाली हवेतली ओल ओढतं आणि सहा महिन्यांत फोड येतात. वायर ब्रश आणि फ्लॅप डिस्कनं घासल्यावर तो भाग गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा, लगेच पुसून हेअर ड्रायरनं वाळवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर वापरू नका.

खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर लावा. गंजाचं फॉस्फेट होतं, रंग काळपट-करडा येतो. पण त्यावर थेट इपॉक्सी प्रायमर मारू नका. ॲसिड शिल्लक असेल तर इपॉक्सी धरत नाही. आधी पाण्यानं धुऊन वाळवायचं, मग इपॉक्सी. नुसता रेड ऑक्साईड मारून सोडू नका. तो सच्छिद्र असतो, वर फिनिश कोट नसेल तर पाणी पितो. पुट्टीचंही तेच.

देवगडच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो, त्यामुळे घासणं आणि प्रायमर एकाच दिवशी व्हायला हवं. हे काम जुलैत काढलं असतंत तर मी थांबा म्हटलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.


सागरतीर · १८ नोव्हेंबर

आमच्याकडे होडीला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. ते फ्लोरला खालून लावलं तर?


रसायनी_पुणे · १८ नोव्हेंबर

@सागरतीर, लाकडात ते मुरतं, पत्र्यावर कच्चं तेल नुसतं पसरून राहतं. कातडीला लागलं तर फोड येतात, ते तुम्हाला माहीत असेलच. पण तुमचा विचार अगदी योग्य दिशेनं आहे. याच तेलातून कार्डेनॉल काढतात, त्यापासून फिनाल्कामाइन नावाचे हार्डनर बनतात आणि जहाजांच्या इपॉक्सी रंगात ते वापरले जातात. ओलसर हवेतही ते नीट सुकतात. इपॉक्सी प्रायमर घेताना सागरी वापराचा मागितलात तर बऱ्याचदा त्यात काजूच असतो. कोकणातल्या गाडीला याहून बरं काय!


देवगडकिनारा · २१ डिसेंबर

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण एक प्रसंग सगळ्यांना कळायला हवा.

कणकवलीचा एक सीओटूवाला मशीन घेऊन घरी आला. बॅटरीची मायनस काढली, सीट, मॅट, दारांची आतली पॅनेल बाहेर. खालून डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप फ्लोरजवळून जातो, ते क्लिपमधून सोडवून बाजूला बांधले आणि ओल्या गोणपाटानं झाकले. पुठ्ठ्याचा फरमा कापला, पत्र्यावर आखला. मूळ फ्लोरला पन्हळीसारख्या कंगोऱ्या होत्या, त्या पत्र्याला ताठपणा देतात. दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा धरून गोल सळीवर ठोकत ठोकत आम्ही तशाच उठवल्या. एका कंगोरीला अर्धा तास लागला. बाबा खुर्ची टाकून बसले होते. तिसरी कंगोरी तिरकी गेली तेव्हा न बोलता उठले, माझ्या हातातून हातोडी घेतली आणि सरळ करून परत दिली.

वेल्डर एक टाका इकडे, एक तिकडे, हात लावण्याइतकं थंड झालं की पुढचा, असं करत होता. दुपार गेली पण पत्र्याला लाट आली नाही. माउंटला ३ एमएमचा कप केला. दाराची फट आधी ५, ६, ६ एमएम होती, नंतर ५, ६, ६.

आता तो प्रसंग. क्लचखालचा पॅच चालू असताना भाऊ खाली वाकून बघत होता. वरून काहीच दिसत नव्हतं, पण खाली फायरवॉलच्या मागे उरलेलं जुनं डांबर धुमसायला लागलं होतं. ज्योत नव्हती, नुसता पिवळट धूर. वायरिंगचा जुडगा तिथून वीतभर अंतरावर. भावानं ओलं फडकं दाबलं, तांब्यानं पाणी मारलं, विझलं. आम्ही थांबलो आणि दोन तास डांबर खरवडण्यात घालवले, जे आधीच करायला हवं होतं. वेल्डिंग संपल्यावरही तासभर कुणी गाडीजवळून हललं नाही. खाली बघायला माणूस नसेल तर हे काम सुरूच करू नका.


उद्यमनगर_डेंटर · २१ डिसेंबर

फट सारखीच राहिली म्हणजे वेल्डर हुशार आहे. पॅच कडेला कड लावून केलास की एकावर एक?


देवगडकिनारा · २२ डिसेंबर

डावीकडचा मोठा कडेला कड. क्लचखाली हात पोचत नव्हता, म्हणून तिथं अर्धा इंच एकावर एक घेऊन भोकं पाडून टाके भरले.


उद्यमनगर_डेंटर · २२ डिसेंबर

एकावर एक घेतलंस तिथं खालची कड उघडी ठेवू नको. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी केसासारख्या फटीतनं पण चढतं, आणि गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, मग तो पत्रे फुगवून टाके तोडतो. वरनं आणि खालनं, दोन्हीकडनं पीयू (पॉलियुरेथेन) सीलर ओढ. आधी प्रायमर, मग सीलर, मग रंग. काऊलचा जोड पण जुनं सगळं खरवडून नव्यानं भर. आणि फोम परत घालू नको. नुसती रबरी मॅट टाक, उचलता येईल अशी.


ऑन्टॅरिओतून · २३ डिसेंबर

दाराखालच्या पोकळ पेटीत आतून मेण फवारायला विसरू नका. आणि खाली जळकं ऑइल मारू नका, गावाकडे पावसाळ्याआधी मारतात. त्यानं माउंटची आणि सस्पेन्शनची रबरं फुगतात.


देवगडकिनारा · १९ जून

धागा वर काढतोय. आठवडाभर देवगडात धो धो पाऊस आहे. गाडी मुद्दाम कलमाखालीच उभी ठेवली, काऊलची जाळी मेच्या शेवटी साफ करून. फ्लोरवर मॅटखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. आज काढलं. डावीकडचं कोरडं, क्लचखालचं कोरडं. वायरिंगच्या रबराखाली पावलीएवढा डाग आहे, तिथं पुन्हा सीलर भरतो. परवा बाबा चढून बसले, चपला खाली काढून. गाडीत ते नेहमी अनवाणीच बसायचे. मधली काही वर्षं पाय ओले होतात म्हणून चपला घालून बसत.

एक शंका आहे. उजव्या दाराखालची पेटी वाजवली की आत पाणी डचमळल्यासारखा आवाज येतो. डावी मोकळी वाजते. उजवीकडे खालून ड्रिलनं भोक पाडू का?


उद्यमनगर_डेंटर · १९ जून

ड्रिल लावू नको. कंपनीचं भोक असतंय तिथं, पेटीच्या खालच्या कडेला, दोन-तीन लांबट फटी. डांबरानं बुजल्या असतील. सायकलच्या स्पोकची तार घाल आणि हळूहळू फिरव.


देवगडकिनारा · १९ जून

होत्या. तीन. स्पोक घातल्यावर दोन तांबे लाल पाणी आलं, मघापासून थेंब थेंब चालूच आहे. गाडी उताराला उभी करून ठेवलीय. वाळली की आतून मेण मारतो.